सिनेमा बघून झाला, आता स्टार किती द्यायचे?

बघितलेल्या सिनेमाबद्दल चार ओळी लिहाव्यात, सोबत स्टार द्यावेत असं हल्ली पुष्कळांना वाटतं. कोणी आयएमडीबी या सिनेमांच्या साइटवर नुसता आकडा टाकतं, कोणी लेटरबॉक्स्ड या तसल्याच दुसऱ्या साइटवर बघितलेल्या सिनेमांची डायरी ठेवतं, आणि बरेच जण मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "३.५/५, एकदा बघायला हरकत नाही" एवढं लिहून मोकळे होतात. त्यात वाईट काही नाही. पण वाचणाऱ्याने तिकीट काढावं की नाही हे त्यातून कळत नाही, आणि वर्षभराने तुमचं तुम्हालाही आठवत नाही की ते साडेतीन नेमके कशाचे होते.

सुट्या आकड्याला तसा काही अर्थ नसतो. तुम्ही इतर सिनेमांना काय दिलंत त्याच्या शेजारी तो ठेवला की अर्थ येतो. एखादा माणूस सरसकट सगळ्यांना चार देत असेल तर त्याचे चार म्हणजे फक्त "मी हा सिनेमा बघितला" एवढंच. त्यामुळे नवख्याने सिनेमापासून नाही, स्वतःच्या मोजपट्टीपासून सुरुवात करावी.

१. मोजपट्टी पक्की करा

पाच स्टार आणि मधे अर्ध्याची सोय, म्हणजे एकूण दहा पायऱ्या. एवढं पुरतं. दहापैकी गुण देण्यात आपल्याकडे शाळा आडवी येते. ३५ टक्क्यांना पास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन हा हिशेब डोक्यात इतका मुरलेला असतो की दहापैकी पाच द्यायला हात धजत नाही. बिचाऱ्याला काठावर पास केल्यासारखं वाटतं. मग सगळे सिनेमे सहा ते आठच्या मधे दाटीवाटीने बसतात आणि खालचे आकडे रिकामे पडून राहतात. स्टार दिले की शाळा जरा मागे पडते. शंभरपैकी गुण तर देऊच नका. ७३ चा सिनेमा ७४ च्या सिनेमापेक्षा कुठे कमी पडला, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

प्रत्येक स्टारचा अर्थ एकदा कागदावर लिहून काढा, आणि तो "उत्तम, चांगला, बरा" अशा विशेषणांत लिहू नका. तुम्ही काय कराल, त्या भाषेत लिहा. उदाहरणार्थ: पाच म्हणजे मी हा पुन्हा बघणार आणि भेटेल त्याला सांगणार. चार म्हणजे खोट दिसली, पण तिने काही बिघडलं नाही. तीन म्हणजे तिकिटाचे पैसे फिटले. दोन म्हणजे एखादं गाणं, एखादा नट, एखादा प्रसंग चांगला होता, सिनेमा नव्हता. एक म्हणजे सोबत कोणी नसतं तर मध्यंतरातच उठलो असतो. नुसता अर्धा स्टार वर्षातून एखाद्यालाच जावा.

आता एक ते पाच या प्रत्येक पूर्ण स्टारवर तुम्हाला तोंडपाठ असलेला एकेक सिनेमा बसवा. हे पाच सिनेमे तुमची खूण. नवीन सिनेमाला साडेतीन द्यावेसे वाटले की विचारायचं, आपल्या तीनवाल्यापेक्षा हा खरंच सरस आहे का, आणि चारवाल्यापेक्षा कुठे कमी पडला? बहुतेक वेळा इथेच अर्धा स्टार इकडे-तिकडे होतो.

खुणेचे सिनेमे निवडताना एक पथ्य पाळा. लहानपणापासून टीव्हीवर बघून ज्यांचे संवाद घरातल्या घरात बोलले जातात, ते यात घेऊ नका. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला आणि तेव्हापासून त्याचा सिनेमा कमी आणि घरातला माणूस जास्त झालाय. सत्तर रुपये वारल्याचं ऐकून आजही हसणाऱ्या माणसाने त्याला तटस्थपणे गुण द्यायला बसू नये. (तो मुळात एका हिंदी सिनेमावर बेतलेला आहे हे सांगितलं तरी कोणाचा अर्धा स्टार कमी होत नाही, हे मी पाहिलंय.)

पहिले वीसेक सिनेमे झाले की आपल्याच आकड्यांकडे एकदा नजर टाका. बहुतेक अडीच ते साडेतीनमध्ये असायला हवेत. आपण निवडून बघतो, म्हणून ते जरा वर झुकले तरी चालेल. पण सगळेच चार आणि साडेचार असतील तर पट्टी सैल आहे.

२. बघताना एवढंच करा

सुरुवातीला पडद्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, ते वाचा. सिनेमाची भाषा, लांबी आणि वयोगट त्यावर असतो. डब केलेली आवृत्ती बघत असाल तर पुढे अभिनयाबद्दल लिहिताना ते सांगावं लागेल. नोव्हेंबर २०२४ पासून यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा) या गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. लहान मुलं असलेल्या घरांना तुमच्या स्टारांपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. सेन्सॉरचं वर्गीकरण वयापुरतं असतं, दर्जाशी त्याचा संबंध नाही. पण यूए १३+ का मिळालं असावं हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, तर एखादी आई तुमचे आभार मानेल.

टिपणं घेऊ नका. अंधारात फोन काढला की मागच्या रांगेचा सिनेमा जातो. आणि "हा सीन बघा" म्हणून पडद्याचं चित्रीकरण तर अजिबात करू नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात विनापरवाना चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि दंडाची सुरुवातच तीन लाखांपासून होते.

नावं संपेपर्यंत बसा. संकलक कोण, ध्वनी कोणाचा हे नंतर शोधत बसावं लागत नाही.

३. झोपण्याआधी तीन ओळी

बाहेर पडल्यावर पहिल्या तासाभरात, दुसऱ्या कोणाचं मत वाचायच्या आधी, तीन गोष्टी लिहून ठेवा. एक: आत्ता डोळ्यांपुढे उभा असलेला प्रसंग. दोन: कुठे कंटाळा आला, कुठे घड्याळ बघितलं. तीन: कशाबद्दल अजून ठरत नाहीये. बस. आकडा आज द्यायचा नाही. थिएटरात टाळ्या-शिट्ट्या पडल्या असतील तर आज अर्धा स्टार जास्त जाईल. पार्किंगमधून गाडी निघायला अर्धा तास लागला असेल तर कमी.

महोत्सवात हे फारच जपावं लागतं. पुण्याचा पिफ असो की २००४ पासून गोव्यात भरणारा इफ्फी, तिथे माणूस दिवसाला चार-पाच सिनेमे बघतो. सकाळी नऊच्या सिनेमाला मिळणारी माया रात्रीच्या शेवटच्या सिनेमाला मिळत नाही. त्याचा संथपणा खरा की आपली झोप खरी, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून महोत्सवातल्या टिपणात सिनेमा दिवसातला कितवा होता हेही लिहा. दोन सिनेमांच्या मधे रांगेत उभं राहूनही तीन ओळी होतात. नाहीतर रात्री एका सिनेमातली म्हातारी दुसऱ्याच सिनेमातल्या घरात जाऊन बसते.

४. मत लिहायचं म्हणजे काय लिहायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. नमुना म्हणून २०१४ चा 'कोर्ट' घेऊ. चैतन्य ताम्हाणे यांचा हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१५ मध्ये आपल्याकडे लागला तेव्हा "डोक्यावरून गेला" म्हणणारेही भरपूर होते. त्यावरचं टिपण बहुतेक वेळा असं असतं:

"कोर्ट. संथ आहे पण विषय चांगला. अभिनय नैसर्गिक. कॅमेरावर्क मस्त. सगळ्यांनी एकदा बघावा. ३.५/५"

यात खोटं काही नाही. पण हेच टिपण नाव बदलून निदान शंभर सिनेमांना चिकटवता येईल. कच्चं टिपण ओळखायची हीच परीक्षा: सिनेमाचं नाव झाकायचं आणि दुसरं घालून बघायचं. वाक्य तसंच चालत असेल तर ते वाक्य सिनेमाबद्दल नाही.

आता त्याच माणसाने, तेच मत ठेवून, असं लिहिलं तर?

"कोर्ट, मराठी-हिंदी-गुजराती-इंग्रजी. एका वयस्कर लोकशाहिरावर खटला चालतो. त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी उभा असतो आणि प्रसंग संपला असं वाटल्यावरही तिथेच थांबतो. सुट्टी लागायच्या दिवशी कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि आपण काळ्या पडद्याकडे बघत बसतो. मी तिथे वैतागलो. मग वाटलं, आपल्याला हे काही सेकंद जड जाताहेत आणि त्या शाहिराला अख्खी सुट्टी काढायची आहे. वकील कोर्टाबाहेर काय खरेदी करतात, घरी काय बोलतात हेही दिसतं. सरकारी वकील बाईंचं कोर्टातून घरी जाऊन स्वयंपाकाला लागणं मला खटल्याइतकंच महत्त्वाचं वाटलं. टाळीची वाक्यं आणि टेबल आपटणारे वकील हवे असतील तर निराश व्हाल. साडेतीन."

स्टार तेवढेच, पण आता ज्याला हा सिनेमा आवडेल त्याला तो कळला आणि ज्याला नाही आवडणार त्याचाही रविवार वाचला. "संथ" हा शब्द यात एकदाही आलेला नाही. संथपणा कुठे होता आणि त्याने बघणाऱ्याचं काय झालं, ते आलंय. "कॅमेरावर्क मस्त" च्या जागी कॅमेरा काय करतो ते आलंय. शेवटचा प्रसंग, निकाल, काहीही फुटलेलं नाही. आणि शेवटून दुसरं वाक्य फार मोलाचं आहे: हा सिनेमा कोणासाठी नाही ते त्यात आहे. नवीन लिहिणारे हे वाक्य कायम विसरतात, "सगळ्यांनी बघावा" म्हणून सुटतात. सगळ्यांनी बघावा असा सिनेमा मला तरी अजून माहीत नाही.

तर क्रम असा: सिनेमा कशाबद्दल आहे ते एका-दोन वाक्यांत, मग तो ते कसं सांगतो, मग एक प्रसंग जवळून, मग तुम्हाला काय झालं, मग कोणासाठी आहे, कोणासाठी नाही. आकडा सगळ्यात शेवटी. कथासार दोन वाक्यांपलीकडे गेलं की थांबा. निम्मं टिपण गोष्ट सांगण्यात घालवणं ही मराठी परीक्षणांची जुनी खोड आहे, ती उचलू नका.

थोडं तांत्रिक शब्दांबद्दल. सिनेमा लांबला की सगळे एडिटिंगला शिव्या घालतात. कित्येकदा दोष पटकथेचा असतो: जे प्रसंग नकोच होते ते लिहून, चित्रित करून झालेले असतात, संकलक त्यातून काढून काढून काय काढणार? तुम्हाला खात्री नसेल तर कारागिराचं नाव घेऊ नका, जे जाणवलं ते लिहा: "लग्नाच्या गाण्यानंतर अर्धा तास गोष्ट जागची हलत नाही." हे कोणीही तपासू शकतं. पार्श्वसंगीताचंही तसंच. "बीजीएम भारी" पेक्षा "आई काही बोलायच्या आधीच व्हायोलिन रडायला लागतात" हे जास्त सांगतं. अभिनयाबद्दल लिहिताना एक क्षण द्या. नट गप्प असताना काय करतो ते बघितलंत तर लिहायला हमखास काहीतरी सापडतं.

आणि सिनेमाने जे करायचं ठरवलंच नव्हतं त्याचा दंड त्याला करू नका. दादा कोंडके यांचे सिनेमे थिएटरांतून रौप्यमहोत्सव करत होते तेव्हा पांढरपेशी परीक्षणं नाकं मुरडत होती. द्व्यर्थी विनोद पटत नाही हे मत झालं, ते जरूर लिहा. पण सोंगाड्याच्या विनोदाचं टायमिंग कसं होतं हे न लिहिता नुसतं नाक मुरडलं तर वाचणाऱ्याला सिनेमा कळत नाही, तुमचं नाक तेवढं कळतं.

५. तुम्ही कुठे बसून बघताय ते सांगा

'नटसम्राट' हे कुसुमाग्रजांचं नाटक १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी रंगमंचावर उभं केलं, आणि २०१६ च्या जानेवारीत नाना पाटेकर ते घेऊन पडद्यावर आले. नाटक बघितलेला, फक्त स्वगतं ऐकलेला आणि यातलं काहीच माहीत नसलेला अशी तीन माणसं एकाच रांगेत बसून तीन वेगळे सिनेमे बघतात. तिघांची मतं खरी असतात. वाचणाऱ्याला फक्त हे कळायला हवं की आपण या तिघांतले कोण. अर्ध्या वाक्याचं काम आहे: "नाटक पाहिलेलं नाही."

रिमेकचं तेच. 'वेड' बघण्याआधी मूळ तेलुगू 'मजिली' बघितला होता का, 'धडक' च्या आधी 'सैराट' बघितला होता का, हे सांगा. पहिल्यांदा बघितलेलं डोक्यात घर करून बसतं आणि दुसऱ्याला कायम पाहुण्यासारखी वागणूक मिळते.

बोलीबद्दल मत द्यायचं तर आणखी जपून. २०२५ च्या 'दशावतार' मधली मालवणी सिंधुदुर्गातल्या माणसाच्या कानाला कशी लागते हे तोच सांगू शकतो. पुण्यात बसून "भाषेचा लहेजा अस्सल" असं प्रशस्तिपत्र देण्याला काही अर्थ नाही. उलट तुम्ही त्याच मुलखातले असाल तर हे तुमच्याखेरीज कोणी लिहूच शकत नाही, तेव्हा आधी ते लिहा. परदेशातल्या मंडळींना तर आणखी एक काम आहे: सबटायटल कशी होती ते सांगणं. तिथे मराठी सिनेमाचे मोजकेच खेळ लागतात, सोबत मराठी न वाचणारी मुलं असतात, आणि विनोद इंग्रजीत पोचला की नाही हे इथल्या कोणालाच कळत नाही.

आता दोन नाजूक गोष्टी. "मराठी सिनेमा आहे, सांभाळून घ्या" म्हणून अर्धा स्टार जास्त द्यायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. भावना समजते. पडदे मिळत नाहीत, मिळाले तर दुपारी बाराचा खेळ मिळतो. पण तो अर्धा स्टार सिनेमाला मदत करत नाही. तो वाचून गेलेला प्रेक्षक फसतो आणि पुढच्या तीन मराठी सिनेमांना जात नाही. मदत करायची तर शब्दांनी करा: "सिनेमा मला अडीचचा वाटला, पण या विषयावर मराठीत कोणी हात घातला नव्हता, जमल्यास पहिल्याच आठवड्यात जा." जा म्हणणं वेगळं आणि गुण देणं वेगळं.

दुसरी गोष्ट, महाराजांवरचे सिनेमे. पडद्यावर महाराज आले की थिएटर उभं राहतं, आणि ते बरोबरच आहे. पण तुमची श्रद्धा महाराजांवर असते, त्या सिनेमाच्या व्हीएफएक्सवर नसते. "लढाईच्या दृश्यांत तोच घोडा तीनदा पडतो" असं लिहिलं म्हणून कोणाचा अवमान होत नाही. हे लिहायला थोडं धाडस लागतं हे मान्य. नवख्याने भाषा साधी ठेवावी, टिंगलीच्या वाटेला जाऊ नये, आणि आकडा मात्र आपल्या पट्टीवरचाच द्यावा.

६. गोष्ट फोडू नका

ट्रेलरमध्ये जे आहे ते मोकळेपणाने सांगा. पहिल्या वीसेक मिनिटांतलंही चालतं. त्यापुढचं गोष्टीचं वळण सांगायचंच असेल तर आधी वेगळ्या ओळीत इशारा द्या. आणि "शेवटी असा धक्का आहे की विचारू नका" हेही गोष्ट फोडणंच आहे. ते वाचलेला माणूस पूर्ण वेळ धक्क्याची वाट बघत बसतो, समोरचा सिनेमा बघतच नाही. 'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये आला तेव्हा पहिल्या काही दिवसांत बघितलेल्यांना जे मिळालं, ते "शेवट बघ, शेवट" ऐकून गेलेल्यांना मिळालं नाही.

७. आता आकडा

दुसऱ्या दिवशी टिपण पुन्हा वाचा, खुणेचे पाच सिनेमे समोर ठेवा आणि द्या. टिपण एक म्हणतंय आणि हात दुसराच आकडा लिहितोय असं झालं तर टिपणावर विश्वास ठेवा. टिपणात चार तक्रारी आणि खाली साडेचार स्टार असतील तर एक तर तक्रारी खऱ्या नाहीत, नाहीतर जे आवडलं ते लिहायचं राहिलंय. बहुधा दुसरं असतं. तक्रार पटकन सुचते, आवडलेलं सांगायला वेळ लागतो.

अर्धवट सोडलेल्या सिनेमाला आकडा देऊ नका. "चाळीस मिनिटांनी बंद केला, कारण..." एवढं लिहा, तीही माहितीच आहे.

८. दुसऱ्यांचे आकडे वाचताना

आयएमडीबीवर दिसतं ती साधी सरासरी नसते, मतांना वजनं देऊन ती काढलेली असते. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवरची टक्केवारी तर गुण नव्हेतच. किती समीक्षकांना सिनेमा बरा वाटला त्याचं ते प्रमाण आहे. सगळ्यांनी जेमतेम पसंती दिली तरी शंभर टक्के दिसतील, आणि निम्म्यांनी डोक्यावर घेऊन निम्म्यांनी आपटला तर पन्नास. ज्याला आपण "वेगळा सिनेमा" म्हणतो तो बहुधा या दुसऱ्या गटात असतो. अमेरिकेत सिनेमास्कोअरवाले पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून ए प्लस ते एफ अशा श्रेणी घेतात. पहिल्या दिवशी आलेला प्रेक्षक मुळात उत्सुक असतो, त्यामुळे श्रेणी वरच्याच येतात. आपल्याकडे शुक्रवारी दुपारपर्यंत झळकणाऱ्या दहापैकी नऊ-साडेनऊच्या आकड्यांकडेही त्याच नजरेने बघा.

सरासरीपेक्षा उपयोगी काय, तर ज्याची पट्टी तुम्हाला माहीत आहे असा एक माणूस. त्याची आवड तुमच्यासारखी असायची गरज नाही. माझा एक मित्र आहे, त्याला जे दीड स्टारचं वाटतं ते मी डोळे मिटून बघायला जातो.

९. कुठे सांगाल, कसं सांगाल

घरच्या ग्रुपवर तीन वाक्यं पुरेत: कशाबद्दल, कोणासोबत बघावा, स्टार. आजी-आजोबांना न्यायचं तर पायऱ्या, आवाज आणि लांबी हेही सांगा. दोन तास पन्नास मिनिटं बसवेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

फिल्म सोसायटीत गेलात तर तिथलं वळण वेगळं. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, लहान शहरांतही चित्रपट मंडळं आहेत. तिथे खेळानंतर चर्चा होते आणि तिथे स्टार कोणी विचारत नाही. एक प्रसंग आणि त्याबद्दलचा एक प्रश्न घेऊन उभे राहा. "मला काही कळलं नाही" म्हणायला लाजू नका. नेमकं कुठे कळलं नाही ते सांगितलंत की चर्चा तिथूनच सुरू होते.

तिकीट फुकट मिळालं असेल, प्रीमियरला बोलावलं असेल, नट ओळखीचा असेल, तर ते पहिल्या ओळीत लिहा. पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिलेल्या मजकुरावर तसा ठळक उल्लेख हवा, हे जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने २०२१ पासून सांगितलेलं आहे. सख्ख्या मित्राच्या सिनेमाला मी तर स्टार देतच नाही. जे आवडलं ते चारचौघांत सांगावं, उरलेलं चहाच्या टपरीवर त्यालाच.

मतभेद होणारच. ग्रुपवर काकांनी "हल्लीच्या पोरांना सिनेमा कळत नाही" असं लिहिलं तर स्टारांवरून वाद घालू नका. "काका, मला सेकंड हाफ लांबलेला वाटला, विशेषतः हॉस्पिटलचा भाग. तुम्हाला तो का आवडला?" असं विचारा. प्रसंगावर बोलणं आलं की बहुतेक वेळा काका खुलतात, आणि त्यांनी बघितलेलं काहीतरी आपण बघितलेलं नसतं. ते पटलं तर आकडा बदला.

बदलताना जुना आकडा पुसू नका. त्याच्यापुढे तारीख घाला, नवा लिहा, आणि कशाने बदलला ते एका ओळीत नोंदवा: पुन्हा बघितला, मोठ्या पडद्यावर बघितला, काकांनी सांगितलं. दर वर्षाच्या शेवटी खुणेचे पाच सिनेमेही असेच तपासा. एखादा जागेवरून हलला असेल तर त्याच्या आगेमागे असलेल्या सिनेमांचे आकडेही एकदा चाळून घ्यावे लागतील.